बहिष्कृत बाबासाहेब आणि बहिष्काराची कसोटी

निवडणुकीत कोणी कोणाला मत दिले यावरून किंवा गावात एखादा वाद पेटला की हल्ली मोबाईलवर मेसेज फिरू लागतो: अमक्या समाजाच्या दुकानातून काही घेऊ नका. कधी तो आपल्या विरोधात असतो, तर कधी आपल्याच ग्रुपवर येतो. तो पुढे पाठवण्याआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन या एका अंगाने आठवून पाहिले पाहिजे. बहिष्कार म्हणजे काय, हे त्यांनी आधी भोगले आणि मग कायद्याच्या भाषेत मांडले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले. तिथे न्हावी त्यांचे केस कापत नसे. थोरली बहीणच कापायची. पुढे १९०१ मध्ये वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. खिशात पैसे होते, पण बाजार त्यांच्यासाठी बंद होता.

कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून ते १९१७ मध्ये परतले. बडोद्याच्या नोकरीत त्यांना राहायला घर मिळाले नाही. मुंबईत येऊन त्यांनी शेअर व्यवहारांवर सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. सल्ल्यात काही खोट नव्हती. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि व्यवसाय बंद करावा लागला. १९२३ मध्ये बॅरिस्टर म्हणून वकिली सुरू केली, तेव्हाही सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे खटले द्यायला कचरत. अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित, पण त्याच्या मालाला जातीमुळे उठाव नव्हता!

१९२४ मध्ये त्यांनी संस्था काढली ती बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ मध्ये पाक्षिक काढले ते बहिष्कृत भारत. हे नाव त्यांनी सहज निवडलेले नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी हजारो अनुयायांसह प्राशन केले. मृत मांस खाणे सोडा, हलकी कामे सोडा, असे त्यांनी समाजाला सांगितले. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरवायची ठरली तेव्हा मंडपाला जागा मिळेना. अखेर एका मुस्लिम गृहस्थाने ती दिली. गावातल्या व्यापाऱ्यांनी परिषदेशी व्यवहारच करायचा नाही असे ठरवले, म्हणून धान्य आणि सामान बाहेरून आणावे लागले. पाण्यावरचा हक्क मागितला, त्याचे उत्तर वाण्याच्या गल्ल्यावर मिळाले.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. समितीने गावोगावची माहिती घेतली तेव्हा हेच चित्र दिसले. कोणी दागिने घातले, जमीन घेतली किंवा लग्नाची वरात रस्त्याने काढली, एवढ्यावरून त्याची शेती काढून घेतली जाई, मजुरी बंद होई, दुकानदार मीठ-मिरचीही देईनासा होई. मारहाण झाली तर निदान पोलिसांत जाता येत होते. पण माल विकायला नकार देणाऱ्यावर कोणते कलम लावणार?

याचे उत्तर त्यांनी ब्रह्मदेशातून आणले. तिथे राजकीय चळवळीतून होणाऱ्या बहिष्कारांविरुद्ध १९२२ मध्ये कायदा झाला होता. गोलमेज परिषदेत राव बहादूर श्रीनिवासन यांच्यासह सादर केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी तो थोडे फेरफार करून मांडला. घर न देणे, व्यवहार न करणे, काम किंवा सेवा नाकारणे हे त्यात बहिष्कार ठरले. गुन्हे तीन: बहिष्कार टाकणे, त्यासाठी चिथावणे आणि त्याची धमकी देणे. तसा प्रस्ताव छापणे किंवा पसरवणे हेसुद्धा चिथावणीत धरले होते. आजचे फॉरवर्ड याहून वेगळे काय असतात?

या मसुद्यातल्या दोन गोष्टी आपण नीट पाहिल्या पाहिजेत. पहिली, बहिष्काराची व्याख्या जातीचे नाव न घेता केली होती. कायदेशीर हक्क बजावला म्हणून कोणाच्याही धंद्यावर, पोटावर पाय देणे हा गुन्हा होता. दुसरी, खऱ्याखुऱ्या कामगार लढ्यातील कृती आणि नेहमीची व्यापारी स्पर्धा यांना सूट होती. म्हणजे संप करायला त्यांची हरकत नव्हती. दुकान महाग म्हणून, माल भेसळीचा म्हणून किंवा मालक मजुरी बुडवतो म्हणून पाठ फिरवणे वेगळे. मालकाची जात, धर्म किंवा त्याचे मत पाहून पाठ फिरवणे वेगळे. पहिल्यात माणसाच्या कृतीला जाब आहे, दुसऱ्यात त्याच्या जन्माला किंवा हक्काला शिक्षा आहे.

संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे यांत भेदभावाला मनाई आली. १९४८ मध्ये संविधान सभेत दुकान या शब्दात धोबी, न्हावी येतात का, अशी विचारणा झाली. मागेल त्याला सेवा देणारी प्रत्येक जागा त्यात येते, असा खुलासा बाबासाहेबांनी केला. साताऱ्याच्या त्या मुलाला न मिळालेला न्हावी आता सर्वांना मिळणार होता. पुढे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार आला आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी आपल्याला धम्म दिला. धम्मात सम्यक आजीविका आहे. आपली उपजीविका शुद्ध हवी आणि दुसऱ्याची हिरावली जाऊ नये, हे त्यातून ओघाने येते. भाजीची गाडी लावणाऱ्याला त्याच्या नावावरून उठवले, तर त्या दिवशी त्याच्या घरची चूल पेटत नाही. उद्या तोच मेसेज आपल्या चहाच्या टपरीवर, आपल्या पोराच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर येतो. मग आपण कोणत्या तोंडाने कायदा मागणार?

अन्याय करणाऱ्याला जाब विचारा, तक्रार करा, मोर्चा काढा, संप करा. मात्र जात पाहून कोणाचे दुकान ओस पाडू नका. बहिष्कृतांच्या बापाचे लेकरू म्हणून आपल्याला ते शोभणारे नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!