कमलाबाई आणि ते साडेचार तास

आम्हा शीळफाट्याच्या बायकांना वाहतूककोंडीचं काही नवल नाही. कल्याण-शीळ रस्ता आणि मुंब्रा-पनवेल रस्ता इथे भेटतात, आणि कंटेनरच्या रांगेत तास कसा जातो कळतही नाही. पण त्या रात्री जो उशीर झाला, त्याचा दोष मला रस्त्याला देता येत नाही.

शेजारच्या काकूंचं जेवताना तोंड एका बाजूला वाकडं झालं. हातातली वाटी निसटली, बोलणं जड झालं. सगळ्या जमल्या. कुणी तळपायाला कांदा चोळला, कुणी लिंबूपाणी आणलं. मी बचत गटाचं, आरोग्य शिबिरांचं काम करते, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बीपी वाढलं असेल, झोपू द्या, सकाळी बघू, असं मीच सांगितलं. सकाळी काकूंचा उजवा हात उचलेना. डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, हे सुरू किती वाजता झालं? मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे दहा तास होऊन गेले होते. ते इंजेक्शन म्हणजे एक विकर, एन्झाइम, असंही डॉक्टरांनी सांगितलं.

एन्झाइम म्हटल्यावर मला कमलाबाई सोहोनी आठवल्या. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. कॉलेजात दुर्गा भागवत वाचल्या, तेव्हा कळलं की त्यांची धाकटी बहीण केंब्रिजची पीएच.डी. मिळवलेली शास्त्रज्ञ होती.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रातले. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं झाल्यावर १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तिथेच ठाण मांडून बसल्या. शेवटी वर्षभर काम बघू, मग ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. त्या वर्षात त्यांनी दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर असं काम केलं, की त्यानंतर त्या संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं. तो अपमान मात्र त्या कधी विसरल्या नाहीत.

पुढे शिष्यवृत्तीवर त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. हे सायटोक्रोम म्हणजे पेशीच्या श्वासातला एक दुवा. आपण घेतलेल्या प्राणवायूपासून पेशीला ताकद मिळते, त्या साखळीत ते हातोहात काम पुढे देतं. प्राण्यांप्रमाणेच झाडाची पेशीही याच वाटेनं श्वास घेते, हे त्यातून दिसलं. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा!

आता मैत्रिणींनो, हेच सायटोक्रोम आपल्या मेंदूच्या पेशीतही असतं. गुठळीनं रक्त अडलं की प्राणवायू थांबतो, ती साखळी तुटते आणि पेशीची ताकद संपते. पेशीला फार इजा झाली, तर सायटोक्रोम आपल्या जागेवरून गळतं आणि पेशीला मरणाचा निरोप देतं. हे शास्त्रज्ञांना १९९६ मध्ये कळलं. त्याच वर्षी अमेरिकेत गुठळी विरघळवणारं टीपीए हे विकर पक्षाघातासाठी मंजूर झालं. मोठी रक्तवाहिनी बंद पडली, तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशेब आहे. मी दहा तास म्हटले ना, त्याचा हिशेब करायची मला हिंमत होत नाही.

कमलाबाई १९३९ मध्येच भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं. १९४७ मध्ये लग्न करून त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. संसार, मुलं आणि प्रयोगशाळा, तिन्ही सांभाळलं. नीरेतल्या जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचं संचालकपद मात्र उशिराच मिळालं.

तिथे त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या भाज्या, कडधान्यं तपासली. प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन नावाचं विकर आपल्या पोटात असतं. त्याला अडवणारे पदार्थ कच्च्या कडधान्यांत असतात, आणि नीट शिजवले की त्यांचा जोर बराच ओसरतो. म्हणजे विकर ही कात्री, आणि निसर्गानं तिला लगामही दिलेला.

गुठळीवरचं टीपीए हे या ट्रिप्सिनच्याच कुळातलं. आपल्या रक्तवाहिन्यांतही ते थोडंथोडं तयार होतं. रक्तातल्या एका झोपलेल्या विकराला ते जागं करतं, आणि ते गुठळीचे धागे कापतं. कमलाबाईंनी या औषधावर काम केलेलं नाही. पण कात्री आणि लगाम ही जोडी मला त्यांच्यामुळे समजली. कारण टीपीएचंही तसंच आहे. वेळेवर दिलं तर रक्त वाहतं होतं, पेशी वाचतात. उशिरा दिलं तर कमकुवत झालेल्या वाहिन्यांतून मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. उंदरांवरच्या काही प्रयोगांत ज्यांच्या अंगात हे विकरच नव्हतं, त्यांच्या मेंदूतल्या पेशी विषारी माऱ्यात जास्त तगल्या. दुसऱ्या काही प्रयोगांत हेच विकर पेशींना सांभाळताना दिसलं. शरीरानं मेंदूत त्याला लगामही ठेवला आहे, न्यूरोसर्पिन नावाचा. म्हणूनच डॉक्टर आधी सीटी स्कॅन करतात, घड्याळ बघतात आणि मगच सुई हातात घेतात.

निवृत्तीनंतरही कमलाबाई घरी बसल्या नाहीत. मुंबईच्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्या भेसळ तपासत, तिच्या मासिकातून गृहिणींना सोप्या भाषेत समजावत. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. १९९८ मध्ये त्या गेल्या. ज्ञान प्रयोगशाळेतून आपल्या ओट्यापर्यंत आणायची त्यांची ती तळमळ मला सगळ्यात मोठी वाटते.

काकू आता काठी घेऊन चालतात. उजव्या हातानं पोळी लाटता येत नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण त्यांचं लाटणं दिसलं की माझं मन खातं. म्हणून आता प्रत्येक बैठकीत मी एवढंच सांगते: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळात वेळ बघा, १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन आहे अशाच दवाखान्यात जा. कांदा चोळू नका, तोंडात काही घालू नका. आणि सकाळी बघू, असं तर मुळीच म्हणू नका.