सावकाश वाजवा

'द स्टिंग' हा १९७३ सालचा इंग्रजी सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातली पियानोची खट्याळ सुरावट आठवत असेल. गोष्ट १९३६ची, सुरावट मात्र १९०२ची. म्हणजे कथेच्या काळात ती केव्हाच जुनी झालेली. प्रेक्षकांना त्याचं काही वाटलं नाही. संगीत जुळवणाऱ्या मार्विन हॅम्लिशला ऑस्कर मिळालं. मूळ रचनाकार स्कॉट जॉपलिन १९१७ सालीच गेला होता.

त्याचा जन्म १८६८च्या सुमारास टेक्सासमधला. वडील गुलामगिरीतून सुटलेले. आई लोकांच्या घरी साफसफाई करी आणि तिथल्या पियानोवर मुलाची बोटं फिरू लागली. ज्युलियस वाइस या जर्मन शिक्षकाने त्याला युरोपातल्या अभिजात संगीताची, ऑपेराची गोडी लावली. हे वेड त्याला महागात पडणार होतं. पोट मात्र भरलं ते गुत्त्यांतल्या रॅगटाइमवर. यात डावा हात कवायतीसारखा ठेका धरतो आणि उजवा त्या ठेक्याला हुलकावण्या देत खेळतो.

माझी नोकरी बँकेत करारपत्रं वाचण्यात गेली, म्हणून १८९९ सालचा त्याचा एक करार मला फार मोलाचा वाटतो. त्या काळी प्रकाशक काळ्या संगीतकारांच्या हातावर थोडे डॉलर ठेवून चाल कायमची विकत घेत. जॉपलिनने 'मेपल लीफ रॅग'साठी जॉन स्टार्क या गोऱ्या प्रकाशकाकडून प्रतीमागे एक सेंट लिहून घेतला. डॉलरचा शंभरावा हिस्सा! पण खप वाढत गेला आणि ही चिल्लर त्याला पुढे वर्षानुवर्षं मिळत राहिली.

ती त्याने ऑपेरापायी घालवली. 'ट्रीमोनिशा' ही शिकलेल्या काळ्या मुलीची कथा. ती आपल्या लोकांना अंधश्रद्धेतून बाहेर काढते. प्रकाशक मिळेना, तेव्हा १९११मध्ये त्याने पदरमोड करून ती छापली. १९१५मध्ये हार्लेममध्ये एक प्रयोग झाला. ना नेपथ्य, ना वाद्यवृंद. पियानोवर एकटा जॉपलिन. लोकांना तो रुचला नाही. दोन वर्षांनी मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. कबरीवर नावाचा दगडही नव्हता.

आपली रचना घाईने वाजवू नका, असं तो छापील पानांवर बजावत असे. नंतर ज्यांनी रॅगटाइम जिवंत ठेवला, त्यांतल्या बहुतेकांनी नेमकी घाईच केली. गुत्त्यातली गंमत म्हणून तो पळवला. १९७०मध्ये जोशुआ रिफ्किन या तरुण वादकाने ती सूचना मानली आणि सावकाश वाजवून तबकडी काढली. त्या संथपणात हसऱ्या सुरांखालची उदासी ऐकू आली. तबकडी धडाक्यात खपली, सिनेमा मागाहून आला.

मग सगळंच मिळालं. १९७४मध्ये कबरीला दगड, १९७६मध्ये पुलित्झरचा खास सन्मान. 'ट्रीमोनिशा' १९७२मध्ये अटलांटात आणि १९७५मध्ये ह्यूस्टनला पूर्ण थाटात रंगमंचावर आली. फक्त वाद्यवृंदासाठी त्याने स्वतः लिहिलेली पानं हरवली होती. ती दुसऱ्यांना नव्याने लिहावी लागली.