रात्रपाळीचा वॉर्डबॉय : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईची नोंद झाली की तिला लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात. जिल्हा रुग्णालयात सांधेवाताच्या रुग्णाला आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी लिहून दिली जाते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टर तो वार चिठ्ठीवर ठळक लिहितात. विदर्भात हत्तीरोग निर्मूलनाची मोहीम निघाली की आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन डीईसीच्या गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावतात. या तिन्ही औषधांच्या इतिहासात एकच नाव पुन्हा पुन्हा येते. ते आहे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते परीक्षेपुरते ठाऊक असते, इतरांना बहुधा तेवढेही नाही. परदेशात संशोधन शिकायला निघालेल्या पदवीधराला खरी मदत कशाची लागते, हे त्यांच्या आयुष्यावरून जितके कळते तितके क्वचितच कशावरून कळेल.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील भीमावरम येथे झाला. वडील महसूल खात्यात साध्या नोकरीवर होते. घर मोठे आणि पैसा तुटपुंजा. अभ्यासातही मुलाची चमक लवकर दिसली नाही, मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळवला. त्यासाठी लागणारा खर्च मित्रांच्या मदतीने आणि सासरच्या आधाराने कसाबसा भागला.

तो काळ गांधीजींच्या चळवळीचा होता. सुब्बाराव शस्त्रक्रियागृहात खादीचा गाऊन घालून जाऊ लागले. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षा चांगली जाऊनही सुब्बारावांच्या पदरात एमबीबीएसऐवजी एलएमएस ही खालच्या दर्जाची पदविका पडली. एका कपड्याची ही किंमत पुढे बरीच वर्षे वसूल होत राहिली. मद्रासच्या सरकारी वैद्यकीय सेवेत त्यांना जागा मिळाली नाही. मग डॉ. अचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेद महाविद्यालयात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

या वर्षांत घरावर मोठा आघात झाला होता. दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने संग्रहणीने गेले. इंग्रजी वैद्यकात या आजाराला ट्रॉपिकल स्प्रू म्हणतात. आतड्याला अन्नातले सत्त्व शोषता येत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जाते आणि माणूस झिजत जातो. पुढे खुद्द सुब्बारावांनाही हाच आजार झाला. डॉ. लक्ष्मीपतींच्या उपचारांनी ते वाचले. भाऊ का गेले आणि आपण का वाचलो, याचे उत्तर तेव्हाच्या वैद्यकाकडे नव्हते. संशोधन करायचे ठरले ते इथे.

संशोधनाची सोय मात्र मद्रासला नव्हती. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने तिकडे आलेल्या एका अमेरिकन डॉक्टरची गाठ पडली आणि अमेरिकेला जाण्याचा विचार पक्का झाला. त्या वेळी भारतीय पदवीधराला परदेशी शिकायला जाण्याचे मार्ग मोजकेच होते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला निधी होता, काही विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या होत्या आणि बाकी श्रीमंत नातेवाईक किंवा धर्मादाय संस्था. सुब्बारावांच्या वाट्याला शेवटचा मार्ग आला. काकीनाड्याच्या मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय संस्थेने मदतीचे आश्वासन दिले, सासऱ्यांनी आणखी पैसे उभे केले. १९१९ मध्ये लग्न होऊन आलेली पत्नी शेषगिरी हिला मागे ठेवून, काही वर्षांत परतण्याच्या बोलीवर ते निघाले.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, हिवाळ्याच्या तोंडावर ते बॉस्टनला उतरले. हार्वर्डच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विभागात त्यांना प्रवेश मिळाला. अडचण पुढे होती. आणलेला पैसा प्रवासात आणि फीमध्ये संपत आला. एखाद्या रुग्णालयात डॉक्टर म्हणून उमेदवारी केली असती तर राहण्या-जेवण्याची सोय झाली असती. पण एलएमएसच्या जोरावर तशी जागा मिळेना. अखेर तिथल्याच पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात त्यांनी रात्रपाळीच्या वॉर्डबॉयचे काम धरले. रुग्णांचे बेडपॅन आणि लघवीची भांडी रिकामी करून धुवायची, फरशी पुसायची, पहाटे खोलीवर यायचे आणि सकाळी वर्गात बसायचे. भारतात ज्याने मुले शिकवली, रुग्ण तपासले, तो डॉक्टर इथे रात्रभर वॉर्डात झाडलोट करत होता. शिष्यवृत्ती फीपुरती मिळाली आणि पोटाचा प्रश्न तसाच राहिला की काय होते, त्याचे हे उदाहरण आहे.

पदविका मिळाल्यावर ते हार्वर्डच्याच जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली दाखल झाले. त्यांच्या शिक्षणाचा खरा आरंभ या प्रयोगशाळेत झाला. फिस्के यांना रक्तातील आणि लघवीतील फॉस्फरस अचूक मोजण्याची सोपी पद्धत हवी होती. दोघांनी मिळून ती बसवली आणि १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. नमुन्यात मॉलिब्डेटचे आम्लयुक्त द्रावण घालायचे, मग दुसरे एक रसायन घालून निळा रंग आणायचा. रंग जितका गडद तितका फॉस्फरस जास्त. फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने ती जगभरच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ही निळाई प्रात्यक्षिकाच्या तासाला हमखास पाहिलेली असते.

मोजपट्टी हाती आल्यावर त्यांनी ती स्नायूंना लावली. स्नायू आकुंचन पावताना ऊर्जा कुठून घेतो, याबद्दल लॅक्टिक आम्लाचा सिद्धांत तेव्हा मान्य होता आणि त्याच्याशी निगडित कामाला १९२२ चे नोबेल मिळाले होते. १९२७ मध्ये फिस्के आणि सुब्बाराव यांनी स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन हा पदार्थ दाखवून दिला. स्नायू काम करताना तो फुटतो, विश्रांतीत पुन्हा तयार होतो. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, त्यांनी एटीपी वेगळे केले. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही ते स्वतंत्रपणे सापडले. शरीरातली प्रत्येक पेशी ज्या चलनात ऊर्जेचा व्यवहार करते ते एटीपी आज शाळेच्या पुस्तकात असते. १९३० मध्ये सुब्बारावांना पीएच.डी. मिळाली.

मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत जागा मिळाल्याने त्यांचे हे सगळे झाले. त्याच जागेची दुसरी बाजूही होती. शोधनिबंधांवर पहिले नाव फिस्के यांचे असे, आणि जगाच्या नजरेत काम त्यांचेच राहिले. पुढे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज त्या काळात हार्वर्डमध्येच शिकत होते. सुब्बारावांनी वेगळे केलेले काही पदार्थ फिस्के यांच्यामुळे वेळीच उजेडात आले नाहीत आणि नंतर इतरांना ते नव्याने शोधावे लागले, असे त्यांनी पुढे नमूद केले. हार्वर्डने सुब्बारावांना कायमची जागा दिली नाही. अमेरिकेचे नागरिक होण्याचा मार्गही बंद होता, कारण १९४६ पर्यंत तिथल्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्व मिळत नसे. संशोधक म्हणून नाव झालेला माणूस दरवर्षीच्या नेमणुकीवर आणि परक्याच्या नोंदीवर जगत होता.

मागे मद्रास इलाख्यात त्यांच्या पश्चात जन्मलेला मुलगा वर्षाचा होण्याआधीच गेला. बापाने त्याला पाहिलेच नव्हते. शेषगिरी आणि सुब्बाराव यांचीही पुन्हा भेट झाली नाही. परतायचे तर ज्या प्रयोगांसाठी आलो त्यांची सोय तिकडे कुठे, हा प्रश्न दरवर्षी तसाच राही. शिष्यवृत्तीच्या अर्जात या खर्चासाठी रकाना नसतो.

१९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. आता माणसे निवडणे आणि पैसा कुठे लावायचा हे ठरवणे त्यांच्या हाती आले. त्यांच्या यादीत पहिली होती ती रक्तक्षयावरची औषधे.

इथे कथेचा एक धागा मुंबईला येऊन मिळतो. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेतून त्यांनी गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातील रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टपासून बनणारे मार्माइट दिल्यावर या बायकांचे रक्त सुधारते, हे त्यांच्या लक्षात आले. यीस्टमधला तो गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक ॲसिड. पण तो निसर्गात इतका थोडा सापडतो की औषध म्हणून द्यायचा तर कारखान्यात बनवणे भाग होते. सुब्बारावांच्या हाताखालच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये ते करून दाखवले. लवकरच टॉम स्पाइस यांच्यासारख्या डॉक्टरांनी संग्रहणीच्या रुग्णांना हे औषध दिले आणि त्यांचे रक्त भरून येऊ लागले. सुब्बारावांचे दोन भाऊ ज्या आजाराने गेले होते, त्यावर आता गोळी होती. त्यांना जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता.

फॉलिक ॲसिडने दुसरेही दार उघडले. बॉस्टनच्या बालरुग्णालयातील सिडनी फार्बर यांना रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांत फॉलिक ॲसिडच्या जातीच्या औषधांनी आजार उलट वाढतो आहे, असे दिसले. पेशीला विभागण्यासाठी फॉलिक ॲसिड लागते. मग त्याच्यासारखाच दिसणारा, पण काम अडवणारा पदार्थ दिला तर? फार्बर यांनी सुब्बारावांकडे मागणी केली आणि लेडर्लेत असे पदार्थ तयार झाले. त्यातले एक ॲमिनोप्टेरिन. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात १६ मुलांपैकी १० जणांचा आजार काही काळ मागे हटल्याची नोंद होती. आजार परत आला, पण ल्युकेमियाला औषधाने मागे रेटता येते हे प्रथमच दिसले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आज कर्करोग, सांधेवात आणि सोरायसिस या तिन्हींत वापरले जाते. फार्बर यांचे रुग्णालय आणि सुब्बारावांनी रात्री बेडपॅन धुतले ते रुग्णालय हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेच्या एकाच परिसरात, शेजारी शेजारी आहेत.

याच वर्षांत त्यांच्या संशोधकांनी हत्तीरोगावरचे डीईसी आणले. बेंजामिन डग्गर हे वनस्पतिशास्त्रज्ञ सत्तरी ओलांडून विद्यापीठातून निवृत्त झाले होते, त्यांना सुब्बारावांनी मातीतील बुरशी-जिवाणू तपासण्याच्या कामी घेतले. त्यातून १९४८ मध्ये ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन गटातील पहिले प्रतिजैविक आले. स्वतःला जागेसाठी झगडावे लागलेल्या माणसाने दुसऱ्याचे वय किंवा पदवी आड येऊ दिली नाही. निबंधांवर आणि पत्रकार परिषदांत ते बहुधा सहकाऱ्यांना पुढे करत.

९ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये झोपेतच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ५३ होते. ऑरिओमायसिनची घोषणा होऊन महिनाही उलटला नसेल. अमेरिकन नागरिकत्व त्यांनी अखेरपर्यंत घेतले नव्हते.

त्यांच्या जाण्याच्या आसपास काळ बदलत होता. महायुद्ध संपता संपता भारत सरकारने पदवीधरांना परदेशी संशोधन शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या देण्यास सुरुवात केली. अशाच एका शिष्यवृत्तीवर १९४५ मध्ये हरगोविंद खुराना लिव्हरपूलला गेले, आणि पुढे नोबेलपर्यंत पोहोचले. खुरानांना रात्री बेडपॅन धुवावे लागले नाहीत. दोघांच्या बुद्धीत फरक होता म्हणून नव्हे, एकाच्या मागे महिन्याच्या खर्चाची तजवीज होती म्हणून.

आज शिष्यवृत्तीचे पत्र हाती आलेल्या तरुण डॉक्टरने आणि त्याच्या घरच्यांनी त्यात काही गोष्टी जरूर शोधाव्यात. राहण्या-जेवण्याचा खर्च त्या शहराच्या भावाने धरला आहे का. आपली पदवी तिथे कोणत्या कामापुरती मान्य आहे. मार्गदर्शक कोण, आणि त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांची नावे निबंधांवर कुठे येतात. मुदत संपल्यावर परत यायचे तर हे काम पुढे नेण्याची जागा इथे कुठे आहे. सुब्बारावांना यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिकडे पोहोचल्यावर मिळाले.

१९९५ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. एका बुरशीलाही त्यांचे नाव आहे, सुब्बारोमायसिस. आणि आरोग्य केंद्रातल्या त्या गोळ्यांच्या पाकिटावर फॉलिक ॲसिडचे नाव असते.