डॉक्टरेट नसलेली शास्त्रज्ञ

'सायलेंट स्प्रिंग'च्या लेखिका रॅचेल कार्सन यांच्या नावामागे डॉक्टरेट कधीच लागली नाही. पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंगडेल येथे १९०७ मध्ये जन्मलेल्या कार्सन साहित्य सोडून जीवशास्त्राकडे वळल्या आणि १९२९ मध्ये पदवी मिळवून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखल झाल्या. दिवस मंदीचे होते. फी भागेना म्हणून शिक्षण अर्धवेळ केले आणि उंदीर व फळमाश्यांवर प्रयोग चालणाऱ्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची नोकरी धरली. प्रबंधाचा विषयही सहजी हाती आला नाही. साप झाले, खारी झाल्या. अखेर कॅटफिश, म्हणजे आपल्या शिंगाळ्याचा भाईबंद, कामी आला. त्याच्या भ्रूणातील प्राथमिक मूत्रपिंडाची वाढ त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली चिकाटीने अभ्यासली आणि १९३२ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. पुढील संशोधन मात्र १९३४ मध्ये पैशाअभावी सोडावे लागले. पुढच्याच वर्षी वडील गेले; घर चालविण्यासाठी त्या सरकारी मत्स्य विभागात रुजू झाल्या.

१९६२ मध्ये कीटकनाशकांवरील त्यांचे पुस्तक आले, तेव्हा रसायन उद्योगाच्या कैवाऱ्यांनी नेमके या अपुऱ्या शिक्षणावर बोट ठेवले. पुस्तकाअखेरच्या संदर्भसूचीची पन्नासहून अधिक पाने त्यांनी बहुधा उलटलीच नसावीत. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने कार्सन यांचे म्हणणे बव्हंशी उचलून धरले. त्या वेळी त्या कर्करोगाशी झुंजत होत्या. १४ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकेत शेतीतील डीडीटीवर बंदी आली ती १९७२ मध्ये.