सावरकर : न्यायासनाच्या स्थळाचा प्रश्न

विनायक दामोदर सावरकर यांचा जन्म २८ मे १८८३ रोजी नाशिकजवळील भगूर येथे झाला. १९०६ साली ते कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. ग्रेज इनची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्यांना बॅरिस्टरीची सनद मिळाली नाही. कायद्याशी त्यांचा खरा संबंध आला तो आरोपी म्हणूनच.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात देवलांच्या 'शारदे'च्या प्रयोगप्रसंगी कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली आणि पुढचा प्रश्न उभा राहिला तो खटल्याच्या स्थळाचा. १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्यान्वये आरोपीस साम्राज्याच्या अन्य भागात पाठविणे अन्यायकारक वा जाचक ठरत असल्यास त्यास मुक्त करण्याचा अधिकार इंग्लंडमधील न्यायालयास होता. हा भेद केवळ भूगोलाचा नव्हता. लंडनमध्ये ज्यूरी होती. मुंबईत १९०८ च्या कायद्याखालचे तीन न्यायाधीशांचे खास न्यायासन होते. तेथे ज्यूरी नव्हती, अपिलाची सोयही नव्हती. तरीही जून १९१० मध्ये अपील न्यायालयाने सावरकरांची पाठवणी कायम केली. न्यायासन कोठे बसते यावर न्यायाचे स्वरूप किती अवलंबून असते, हे त्या न्यायालयाने पुरेसे जोखले असे म्हणणे कठीण आहे.

८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात त्यांनी बोटीतून उडी घेतली. किनाऱ्यावर फ्रेंच शिपायाने त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केले. आरोपी कोणत्या मार्गाने समोर आला याची चिकित्सा करण्याचे मुंबईच्या न्यायासनाने नाकारले. डिसेंबर १९१० व जानेवारी १९११ मध्ये दोन जन्मठेपी झाल्या, एकूण पन्नास वर्षांच्या. त्यानंतर, २४ फेब्रुवारी १९११ रोजी, हेगच्या लवादाने अटकेतील अनियमितता मान्य केली, परंतु कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असा निवाडा दिला. वाद दोन राष्ट्रांचा होता. ज्याच्या देहाविषयी तो चालला, त्यास तेथे पक्षकाराचे स्थान नव्हते.

अंदमानात कागद-लेखणीविना 'कमला' हे काव्य रचले व कंठस्थ केले गेले. सुटकेसाठी त्यांनी सरकारकडे केलेले अर्जही याच काळातले. १९२१ मध्ये त्यांना हिंदुस्थानातील तुरुंगात आणण्यात आले, १९२४ मध्ये सशर्त सुटका होऊन १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्धता भोगावी लागली. तेथेच 'माझी जन्मठेप' १९२७ साली ग्रंथरूपाने सिद्ध झाले. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.