थुंब्याच्या चर्चमधून अंतराळाकडे

अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाची वाट पाहणाऱ्या देशाने अग्निबाण उडवावेत काय, हा प्रश्न १९६० च्या दशकात भारतात वारंवार विचारला जात होता. त्याचे उत्तर शोधण्याची जबाबदारी फेब्रुवारी १९६२ मध्ये ४२ वर्षांच्या एका शास्त्रज्ञावर आली. केंद्र सरकारने अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत भारतीय राष्ट्रीय अंतराळ संशोधन समिती स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. विक्रम साराभाई यांच्याकडे सोपवले.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादमधील नामवंत गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या घरी जन्मलेल्या विक्रम यांना ऐश्वर्य वारशानेच मिळाले होते. मात्र त्यांचा ओढा विज्ञानाकडे होता. केंब्रिजमधील पदवीनंतर महायुद्धामुळे ते मायदेशी परतले आणि बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. १९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून परतल्यावर त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादला भौतिक संशोधन प्रयोगशाळा उभी केली. वस्त्रोद्योगासाठी संशोधन संस्था आणि पुढे भारतीय व्यवस्थापन संस्था यांच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. संस्था उभारावी, योग्य माणसे हेरावीत आणि त्यांना मोकळीक द्यावी, ही त्यांची रीत होती.

तीच रीत समितीच्या कामातही दिसली. सरकारी समित्या बहुधा अहवाल देऊन थांबतात. या समितीने प्रक्षेपणासाठी जागेचा शोध सुरू केला. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळच्या किनाऱ्याजवळून जाते आणि वातावरणाच्या वरच्या थरांच्या अभ्यासाला ते सोयीचे असते. म्हणून तिरुअनंतपुरमजवळचे थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडण्यात आले. गावात सेंट मेरी मॅग्डलीन चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी सहकार्य केले. चर्चची कार्यशाळा झाली आणि बिशपच्या निवासस्थानी कार्यालय थाटले गेले. मच्छीमार कुटुंबांना मात्र आपली घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी थुंब्याहून पहिला अग्निबाण झेपावला. तो अमेरिकी बनावटीचा होता आणि त्यातील सोडियम बाष्पाचे उपकरण फ्रान्सचे. अवघ्या चार वर्षांनी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, 'रोहिणी' हा भारतीय बनावटीचा छोटा अग्निबाण तेथूनच उडाला.

श्रीमंत राष्ट्रांशी चंद्राच्या शर्यतीत उतरण्याची महत्त्वाकांक्षा साराभाईंनी बाळगली नाही. शिक्षण, शेती, हवामान आणि दळणवळण यांसाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात भारताने कोणाच्याही मागे राहू नये, ही त्यांची भूमिका होती. खेडोपाडी मनोरे उभारत बसण्यापेक्षा एका उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी थेट गावात पोहोचवता येईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यासाठी १९६९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा'शी करार झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला समितीच्या कामातून 'इस्रो'चा जन्म झाला.

जानेवारी १९६६ मध्ये डॉ. होमी भाभा यांचे विमान अपघातात निधन झाले आणि मुंबईतील अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपदही साराभाईंकडे आले. तारापूरचे अणुवीज केंद्र त्यांच्याच कारकिर्दीत, १९६९ मध्ये सुरू झाले. अण्वस्त्रांबाबत ते साशंक होते आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. अणुऊर्जा आणि अंतराळ या दोन्ही कार्यक्रमांचा भार घेऊन त्यांची अहमदाबाद, मुंबई आणि थुंबा अशी अखंड धावपळ चालू राहिली. ३० डिसेंबर १९७१ रोजी थुंबा भेटीच्या काळातच कोवळम येथे त्यांचे आकस्मिक निधन झाले. त्यांचे वय अवघे ५२ होते.

१९७२ मध्ये स्वतंत्र अंतराळ आयोग आणि अंतराळ विभाग स्थापन झाले. १९७५ मध्ये 'आर्यभट्ट' कक्षेत गेला. त्याच वर्षी ऑगस्टपासून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम वर्षभर दिसले. ते पाहायला साराभाई नव्हते.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्या लँडरचे नाव होते 'विक्रम'. चंद्राची घाई न करता आधी खेड्यांचा विचार करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव अखेर चंद्रावर पोहोचले.