नावाच्या पाटीशिवायचा दाता

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर म्हणजे आपले गाडगेबाबा. १९०५ साली त्यांनी घर सोडले. परक्या गावात खराटा घेऊन रस्ते झाडायचे, रुतलेल्या गाडीला खांदा द्यायचा आणि नाव न सांगता पुढे जायचे. मिळालेल्या देणग्यांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांची मालमत्ता मात्र एक गाडगे. अस्पृश्य वारकऱ्यांना पंढरपुरात निवारा नव्हता, तेथे त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला सोपवली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाव्या दिवशी, २० डिसेंबर १९५६ रोजी तेही गेले. विहाराच्या फरशीवरील नावासाठी भांडणाऱ्या बांधवांनो, एका अनोळखी विद्यार्थ्याची फी गुपचूप भरा. जयभीम!